आज चुलीवर कोण?

पहाटे ५.३०
पत्र्यावर पाऊस एवढा, की चहा उकळल्याचं नाकालाच कळतं, कानाला नाही. जुलै महिना, काळी व्याघ्र प्रकल्प, कुंभारवाडा रेंज. शिकारविरोधी कॅम्पवर आम्ही चौघं. मी फॉरेस्ट गार्ड, खानापूरकडची. बाकी तिघे इथलेच वॉचर: कुणबी मामा, गवळी दादा आणि सगळ्यांत धाकटा सिद्दी पोरगा. चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने तक्ता काढलाय: रांधणार कोण, भांडी कुणाची. मी नवी आले तेव्हा मॅडम म्हणून मला भांड्यांना हात लावू देत नसत, आणि बाई म्हणून रोज चुलीशी बसवत. तक्ता आला आणि दोन्ही थांबलं. आज पेज दादाची, भांडी माझी.

सकाळी ७.००
पायांना तंबाखू-मिठाचं पाणी चोळून गस्तीला निघालो. तरी जळवा चढायच्या त्या चढतातच. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, एम-स्ट्राइप्स सुरू. कुठे, किती चाललो ते अ‍ॅपला कळतं. डोळे उघडे ठेवून चाललो का, ते कळत नाही. ते आपलं आपल्यालाच ठाऊक.

९.४५
ओढ्याकाठच्या जनावरांच्या वाटेवर फासकी. मोटारसायकलच्या क्लचची वायर, वीतभर उंचीवर, खुंटीला बांधलेली. मामा उकिडवा बसला, गाठ बोटाने उलटसुलट करून बघितली.

"गाठ आमच्याकडची."

पुढे काही बोलला नाही. त्याची वाडी जंगलातच आहे. १९५६ला अभयारण्य झालं, १९८७ला अणशीचं राष्ट्रीय उद्यान, २००७ला व्याघ्र प्रकल्प. वाडीतली माणसं होती तिथेच राहिली, नियम तेवढे दारापर्यंत आले. आज तो अळंबीला निघालेल्या स्वतःच्या भावकीला अडवतो आणि लग्नाकार्यात 'सरकारचा माणूस' म्हणून टोमणे ऐकतो.

वायर काढावी, ओढ्यात टाकावी, विषय संपला, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला सांगू?

मामाच म्हणाला, "लिव्ह गो बाय. आज नाय लिवलंस, तर उद्या तुलाच माझा भरवसा वाटायचा नाय."

फोटो काढले, जागा नोंदवली, जागेवरच महजर, म्हणजे पंचनामा केला. वायर कशी, कुठे, किती वाजता सापडली, एवढंच लिहिलं. गाठ कुणाची वाटते ते लिहिलं नाही. वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. वायरलेसवर रेंजला एक गोष्ट मात्र सांगितली: या चौकशीला मामाला त्याच्या वाडीत पाठवू नका. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, घरच्यांसमोर उभं करून कुणाचा खरेपणा मोजायचा नसतो.

दुपारी १.००
पेज, भाजलेला सुका बांगडा, लोणचं. चार ताटल्या, एकसारख्या. पगार मात्र एकसारखे नाहीत. माझा वेळेवर होतो. या तिघांचा एजन्सीमार्फत येतो आणि दोन महिने आलेला नाही. पहिल्या महिन्यात रेशनचे पैसे मीच भरले, तर दादा दोन दिवस धड बोलला नाही. आता उधारीची वही आहे. कुणाचे किती ते लिहायचं, पगार झाला की खोडायचं. वही आल्यापासून तो पुन्हा दुसऱ्यांदा पेज वाढून घेतो.

बोलता बोलता गाडी जातीच्या दाखल्यांवर आली. २००३मध्ये उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीत घेतलं. त्याच वेळी हद्दीपलीकडे गोव्यात कुणबी, गावडा, वेळीप यांनाही घेतलं. इथला, जोयडा तालुक्यातला कुणबी अजून मागतोच आहे, गवळीही मागतोय. नुसतं नावापुरतं नाही हे. जमातीत नसलात, तर २००६च्या वनहक्क कायद्याखाली तुम्हाला जंगलातल्या ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो.

"मी पलीकडे जन्मायला हवा होतो," मामा हसला.

पोरगा हसला नाही. "माझ्याकडे दाखला हाय. तरी बशीत माझ्या शेजारची शीट शेवटाला भरते."

कुणालाच काही सुचेना. मग दादाने उरलेला बांगडा त्याच्या ताटलीत सरकवला. तोंडाने सांत्वन करण्याची इथे रीत नाही.

४.३०
पाऊस जरा उघडला. पगाराचा अर्ज लिहायला घेतला. मी म्हटलं, माझ्या सहीने वर पाठवते. पोरगा म्हणाला, "अर्ज आमचा, सह्या आमच्या. तुम्ही शिफारस लिवा." बरोबर होतं त्याचं. दोन सह्या, मामाचा अंगठा, आणि खाली माझी शिफारस.

संध्याकाळी ७.००
नोंदवही कन्नडमध्ये भरायची असते. माझं कन्नड कामापुरतं, मामाचं बोलण्यापुरतं. पोरगा हॉस्टेलवर शिकलेला, अक्षर मोत्यासारखं. म्हणून लिहितो तो, सांगतात सगळे, आणि लिहून झालं की मराठीत वाचून दाखवतो. न वाचलेल्या पानावर कुणी सही करत नाही.

फासकीची नोंद मामाने दोनदा वाचून घेतली. वाडीचं नाव कुठेच नव्हतं, आणि लपवलेलंही काही नव्हतं. त्याने अंगठा उठवला.

मी भांडी घासायला उठले, तर मामा राख घेऊन समोर बसलेला.

"मामा, तक्ता."

"तक्ता उद्यापासून. आज मला झोप नाय यायची."

मी सरकून त्याला जागा दिली.