नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जाता येते का? ‘नॉन-कम्पीट’ अटीबाबत कायदा काय सांगतो?

नवे ऑफर लेटर हाती येते आणि जुनी कंपनी करारातील एका अटीकडे बोट दाखवते : ‘राजीनाम्यानंतर 1 वर्ष स्पर्धक कंपनीत काम करता येणार नाही.’ रुजू होताना घाईत सही केलेली असते. मग ही अट पाळावीच लागते का?

कलम 27 काय आहे?

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार, कायदेशीर पेशा, व्यापार किंवा धंदा करण्यापासून कोणालाही रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. कलमात अपवाद एकच : नावलौकिकासह व्यवसाय विकणाऱ्यावर वाजवी बंधन घालता येते. म्हणजेच नोकरी संपल्यानंतर लागू होणारी बंदी सहसा न्यायालयात टिकत नाही.

न्यायालयांनी काय म्हटले?

कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधील एका कर्मचाऱ्याने 5 वर्षांचा करार अर्धवट सोडून राजस्थानातील कोटा येथील स्पर्धक कंपनी गाठली. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरील बंदी कायम ठेवली. ही बंदी कराराच्या मुदतीपुरतीच होती, हे त्यातले महत्त्वाचे कारण.

क्रिकेटपटू झहीर खानचे प्रकरण उलट होते. व्यवस्थापन कंपनीशी असलेला 3 वर्षांचा करार संपल्यानंतरही, दुसऱ्याची ऑफर स्वीकारण्याआधी त्याने जुन्या कंपनीला तेवढीच ऑफर देण्याची संधी द्यावी, अशी अट होती. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला दिलासा नाकारला. करार संपल्यानंतरचे बंधन कलम 27 मध्ये बसत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

मग कंपनीच्या हातात काय उरते?

• बाँड : 3 वर्षांआधी नोकरी सोडल्यास 2 लाख रुपये भरण्याची विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये वैध ठरवली. ही अट नवी नोकरी करण्यापासून रोखत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

• गोपनीय माहिती : सोर्स कोड, दरपत्रके किंवा ग्राहकांचा गोपनीय डेटा सोबत नेल्यास कंपनी न्यायालयातून मनाई आदेश आणू शकते. कामातून आलेले कौशल्य आणि अनुभव मात्र कर्मचाऱ्याचेच राहतात.

राजीनाम्याआधी काय तपासाल?

निकाल बाजूने लागला तरी तोवर वकिलाचा खर्च आणि मनस्ताप चुकत नाही. अनेक जण नोटीस येताच माघार घेतात, ते याच भीतीने. त्यामुळे करारातील बंदी नोकरीदरम्यानची आहे की नंतरची, हे आधी वाचा. नोटीस पिरियड पूर्ण करा. लॅपटॉप व फाइल परत केल्याची लेखी पोच घ्या आणि कंपनीच्या नोटिशीला उत्तर देण्याआधी वकिलाला करार दाखवा.