खोकला छातीत, कुरबूर यकृतात!

मालवणच्या जेटीवरून होडीत बसून सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलायत ना? शिवाजी महाराजांनी 1664 साली त्याचं बांधकाम सुरू केलं. पायाचे दगड शिसं ओतून पक्के केले, म्हणून साडेतीनशे वर्षं लाटा आपटतायत तरी तट उभाच! बहुतेक जीवाणूंभोवतीही अशीच तटबंदी असते. पेनिसिलिन नेमकं तिचंच बांधकाम बिघडवतं. तट ढासळला की जीवाणू फुटलाच म्हणून समजा.

पण एका महाभागाला तटच नाही. मायकोप्लाझ्मा न्यूमोनी त्याचं नाव. पाडायला भिंतच नाही, मग बिचारं पेनिसिलिन करणार काय?

हा इतका बारीक, की जीवाणू अडवणाऱ्या गाळण्यांतूनही निसटतो. 1944 मध्ये अमेरिकेत मन्रो ईटन यांना तो रुग्णांच्या कफात सापडला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, हा विषाणूच. विषाणूंना वाढायला जिवंत पेशी लागतात. 1962 मध्ये चॅनॉक, हेफ्लिक आणि बॅराइल यांनी या पठ्ठ्याला पेशींशिवाय, नुसत्या पोषक जेलीवर वाढवून दाखवलं. अठरा वर्षांचं सोंग उघडं पडलं!

शाळेतली मुलं याची आवडती गिऱ्हाइकं. खोकल्याच्या तुषारांतून तो शिरतो आणि बऱ्याचदा दोन-तीन आठवडे पत्ताच लागू देत नाही. मग ताप आणि हटून बसलेला कोरडा खोकला. तरी पुष्कळ मुलं अंथरूण धरत नाहीत. खोकत खोकत मच्छीमारांना रापणीचं जाळं ओढताना बघायला किनाऱ्यावर हजर! मागून आजी ओरडतेच, "कित्याक खोकतंस रे?"

आता खरी गंमत. खोकला फुप्फुसाचा, पण काही मुलांच्या रक्ततपासणीत तक्रार दिसते यकृताची. यकृत बसलंय उजव्या बरगड्यांखाली. त्याच्या पेशींमध्ये एएलटी नावाचं एक विकर असतं. पेशी दुखावल्या की ते रक्तात झिरपतं आणि तपासणीत त्याचा आकडा वाढलेला दिसतो. कावीळ मात्र क्वचितच होते.

पण यकृताचा काय संबंध? मोठ्या माणसाच्या यकृतातून दर मिनिटाला साधारण दीड लीटर रक्त जातं, म्हणजे शरीरात कुठेही गडबड झाली की तिची खबर तिथे पोचतेच. जंतूशी लढताना आपल्या रक्षक पेशी जी रसायनं सोडतात, त्यांचा फटका यकृतालाही बसत असावा, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. जंतू स्वतःच तिथवर पोचतो का, याचाही शोध सुरू आहे. मला तर हे कोडं गुप्तहेरकथेपेक्षा भारी वाटतं.

उपचाराला ॲझिथ्रोमायसिनसारखी औषधं असतात. ती भिंतीच्या भानगडीत पडत नाहीत, जंतूचा प्रथिनं बनवण्याचा कारखानाच बंद पाडतात. पण काही औषधांनीही एएलटी वाढू शकतं. त्यामुळे आकडा चढलेला दिसला, की डॉक्टर आधी विचारतात, "कुठली गोळी घेतलीस?" मग काही दिवसांनी पुन्हा रक्त तपासतात. आजार बरा होत जातो, तसा बहुतेक मुलांचा आकडाही आपोआप खाली येतो.