शस्त्रक्रिया, यंत्रमानवी : उपकरणांचे संरेखन व स्पर्शप्रत्यय

शस्त्रक्रियातज्ञाने रुग्णापासून दूर बसून, हातातील मुठींच्या साहाय्याने, यांत्रिक भुजांना जोडलेली बारीक उपकरणे रुग्णाच्या शरीरात चालविण्याच्या पद्धतीला यंत्रमानवी शस्त्रक्रिया म्हणतात. यातील ‘यंत्रमानव’ हा शब्द काहीसा दिशाभूल करणारा आहे. या प्रकारचे यंत्र स्वतःच्या निर्णयाने काहीही कापत नाही. तज्ञाच्या हाताची हालचाल ते केवळ पुढे पोहोचविते. ती बिनचूक पोहोचावी, हा संरेखनाचा (हाताची दिशा व उपकरणाची दिशा जुळविण्याचा) प्रश्न होय. आणि उपकरणाच्या टोकाला जे लागले ते हाताला परत कळावे, हा स्पर्शप्रत्ययाचा. पहिला प्रश्न बराचसा सुटला आहे. दुसरा अनेक वर्षे मागे राहिला.

हाताला कळणे म्हणजे काय, हे कोणत्याही कारखान्यात पाहता येते. भुसावळ येथील रेल्वेच्या विद्युत् एंजिन कारखान्यासारख्या ठिकाणी काम करणाऱ्या फिटरला नट चढविताना आटे चुकल्याचे डोळ्यांआधी बोटांना समजते आणि तो पान्हा तेथेच थांबवितो. शस्त्रक्रियातज्ञाचेही असेच आहे. यकृतातील खोल गाठ, रोहिणीची धडधड, टाका तुटण्यापूर्वी धाग्यावर येणारा ताण या गोष्टी तो मुख्यतः चाचपून ओळखतो.

स्पर्श परत आणण्याची कल्पना मूळची वैद्यकातील नव्हे. किरणोत्सर्गी पदार्थ जाड भिंतीआडून हाताळण्यासाठी अमेरिकेतील अर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत रेमंड गर्ट्झ यांनी १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस चालक-अनुचर हस्तक तयार केले. भिंतीच्या अलीकडची मूठ हलविली की पलीकडचा चिमटा तसाच हलतो, आणि मधली जोडणी दांडे व तारांची असल्याने पलीकडचा अडथळा अलीकडच्या हाताला आपोआप जाणवतो. १९५४ मध्ये त्यांनी हीच प्रेरणा (बल) विद्युत् चलित्रांच्या द्वारे परत पाठविणारे यंत्र बनविले. महाराष्ट्रात तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने असे हस्तक देशातच विकसित केले व वापरले. याच केंद्रात पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेत सुई नेमक्या जागी नेणारी, सहा पायांवर तोललेली समांतर यंत्रणा प्रायोगिक स्वरूपात तयार झाली. किरणोत्सर्गी सळई उचलणे आणि मेंदूत सुई घालणे ही कामे वरकरणी कितीही भिन्न असली, तरी अभियंत्यापुढचा प्रश्न एकच असतो.

संरेखन : सामान्य बोलीत ज्याला ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणतात, त्यात पोटाला पाडलेल्या लहान छिद्रांतून लांब दांड्याची उपकरणे आत जातात. छिद्र हा तरफेचा टेकू बनतो. म्हणून हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जाते. शिवाय टेकूपासून आतली लांबी जशी बदलते, तसे हालचालीचे प्रमाणही बदलते. ही उलटापालट अंगवळणी पडण्यास तज्ञाला दीर्घ सराव करावा लागतो. यंत्रमानवी पद्धतीत संगणक ती नाहीशी करतो. मुठीची प्रत्येक हालचाल तो कॅमेऱ्याच्या दृष्टीने मोजतो व पडद्यावर उपकरणाचे टोक हाताच्याच दिशेने जाईल, असे प्रत्येक सांध्याचे कोन काढतो. हाताची तीन सेंमी. हालचाल टोकाशी एक सेंमी. करता येते. मनुष्याच्या हाताला सेकंदास सु. ८ ते १२ वेळा जो नैसर्गिक कंप असतो, तोही गाळून टाकता येतो. भुजेची रचना अशी केलेली असते की, ती कशीही फिरली तरी दांड्यावरील एक बिंदू अवकाशात स्थिर राहतो. हा बिंदू पोटाच्या भिंतीतील छिद्रावर नीट बसविला नाही, तर प्रत्येक हालचालीत त्वचा व स्नायू ताणले जातात. भुजा जोडल्यानंतर टेबल कलते केले तरी हा दोष उद्‌भवतो. यासाठी टेबल व भुजा एकत्र हलविणाऱ्या यंत्रणा पुढे निघाल्या.

हाडे व मेंदू यांच्या बाबतीत संरेखन निराळे असते. तेथे आधी घेतलेले सीटी स्कॅनचे चित्र आणि टेबलावरील प्रत्यक्ष शरीर यांचा मेळ घालावा लागतो. डोक्यावरील ठरावीक खुणांना शलाकेने स्पर्श करून त्या खुणा चित्रात कोठे आहेत, हे संगणकाला सांगतात. १९८५ मध्ये अमेरिकेत ‘प्यूमा ५६०’ हा औद्योगिक यंत्रमानव मेंदूतील ऊतकाचा नमुना घेणारी सुई रोखण्यासाठी याच तत्त्वावर वापरला गेला. यात एक मर्यादा कायम राहते. कवटी उघडली की आतील द्रव निघून जातो व मेंदू काही मिमी. खाली बसतो, मग चित्र बरोबर असूनही जागा चुकते. अशा वेळी, सुई कठीण भागात शिरली की मऊ, हे सांगणारा स्पर्शच संरेखनाची चूक उघड करू शकतो.

स्पर्शप्रत्यय : अमेरिकेत २००० साली मान्यता मिळालेली ‘दा विंची’ प्रणाली पुढे जगभर पसरली. भारतात ही पद्धत प्रथम दिल्लीत आली. पुढे ती मुंबई, पुणे यांसारख्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांत रुजली. मनगटासारखे वळणारे टोक आणि त्रिमितीय दृश्य यांमुळे तिने तज्ञाला पुष्कळ काही परत दिले. परंतु उपकरणाच्या टोकावरील प्रेरणेची जाणीव मात्र जवळजवळ काढून घेतली. अनुभवी तज्ञ ही उणीव डोळ्यांनी भरून काढतात. ऊतक किती दबले, धागा किती ताणला, यांवरून ते जोराचा अंदाज बांधतात. नवशिक्याच्या हातून मात्र बारीक धागे तुटतात किंवा नाजूक ऊतक फाटते.

उणीव दूर करण्यास एवढा वेळ का लागला, याची कारणे यंत्रातच आहेत. प्रेरणा टोकाशी मोजावी, तर सु. ८ मिमी. जाडीच्या दांड्यात विकृतिमापक बसवावा लागतो, आणि तो प्रत्येक वापरानंतर निर्जंतुकीकरणातील १२१° ते १३४° से. तापमानाच्या वाफेत टिकला पाहिजे. तो बाहेर, भुजेच्या मुळाशी बसविला, तर नळीतील घर्षण, पोटाच्या भिंतीचा दाब आणि टोक हलविणाऱ्या तारांचा ताण हे सर्व त्यात मिसळते. खऱ्या स्पर्शाचे काही दशांश न्यूटन त्यात हरवून जातात. यावर प्रकाशीय तंतूंचे संवेदक हा एक उपाय पुढे आला. तंतूवर ताण पडला की त्यातून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी बदलते. त्यांना टोकाशी विजेची जोडणी लागत नाही आणि ते केसासारखे बारीक असतात. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘सेनहान्स’ प्रणालीत आणि २०२४ मधील ‘दा विंची ५’ या आवृत्तीत प्रेरणा हाताला परत देण्याची सोय आली. तरीही या सोयीने मुख्यतः ओढ व दाब कळतो. बोटाच्या पेराला कळणारा खरखरीतपणा किंवा ऊतकातील बारीक गाठ नव्हे.

परत पाठविलेल्या प्रेरणेलाही संरेखन लागते. ऊतक वरून दाबले जात असता हाताला धक्का बाजूने जाणवला, तर असा स्पर्श नसलेलाच बरा.

काल आणि अंतर : डोळ्याला सेकंदास सु. ३० चित्रे पुरतात. परंतु कठीण वस्तूचा स्पर्श खरा वाटण्यासाठी प्रेरणेचे गणित सेकंदास सु. १,००० वेळा करावे लागते. प्रेरणा उशिरा परत आली, तर हात आधीच पुढे गेलेला असतो. यंत्र त्याला मागे ढकलते, हात पुन्हा पुढे जातो व मूठ थरथरू लागते. म्हणून ७ सप्टेंबर २००१ रोजी झाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमधून फ्रान्समधील स्ट्रॅसबर्ग येथील रुग्णाचे पित्ताशय काढले, तेव्हा सु. १५५ मिलिसेकंद विलंब दृष्टीला चालला. स्पर्शाला तो चालला नसता. भारतात २०१८ मध्ये डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरहून अहमदाबाद येथील रुग्णाच्या हृद्‌रोहिणीवर सु. ३२ किमी. अंतरावरून उपचार केले. २०२५ च्या प्रारंभी गुरुग्राम येथे विकसित झालेल्या ‘एसएसआय मंत्रा’ प्रणालीने गुरुग्राम-जयपूर या सु. २८६ किमी. अंतरावरून हृदयशस्त्रक्रिया झाली.

खानदेशातील रुग्णाच्या दृष्टीने हा हिशेब महत्त्वाचा आहे. मुंबई ते भुसावळ हे लोहमार्गाचे अंतर सु. ४४० किमी. आहे. प्रकाशीय तंतूतून प्रकाश सेकंदास सु. २ लाख किमी. जातो, म्हणजे जाऊन-येऊन साडेचार मिलिसेकंदांहून कमी वेळ लागतो. हा विलंब मऊ ऊतकाच्या स्पर्शाला सहन होतो. हाडावर मात्र मूठ सावरण्यासाठी प्रेरणा मुद्दाम सौम्य करावी लागते. प्रत्यक्षात विलंब वाढतो तो चित्रांच्या संकेतनामुळे व जाळ्यातील थांब्यांमुळे, तारेच्या लांबीमुळे नव्हे. मार्ग मध्येच खंडित झाला, तर उपकरणे जागच्या जागी स्थिर होऊन सूत्रे रुग्णाजवळच्या तज्ञाकडे गेली पाहिजेत. यासाठी भुसावळसारख्या गावीही टेबलाशेजारी पोट उघडून शस्त्रक्रिया पुरी करू शकणारा शस्त्रक्रियातज्ञ व भूलतज्ञ उभा असावाच लागतो.