गोडाची चाहूल

पाव फुगवणारे आणि साखर कारखान्याच्या मळीतून इथेनॉल काढून देणारे यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसेस सेरेव्हिसी, एकपेशीय. पेशीचा आकार साधारण पाच मायक्रॉन. जागचे हलणे तिच्या नशिबी नाही. भोवतालच्या द्रवात जे येईल त्यावर गुजराण करायची. मग साखर आली हे तिला कळते कसे?

आत आल्यावर कळत असेल, असे कुणालाही वाटेल. पण ग्लुकोज ही साखर पेशीपटलातून आपोआप आत शिरत नाही, त्यासाठी वाहक प्रथिने लागतात. यीस्टच्या जनुकसंचात अशा वाहकांचे वीसेक जणांचे घराणेच आहे. एचएक्सटी-१ हा साखरेची रेलचेल असताना कामाचा, एचएक्सटी-७ टंचाईतला. साखरेला धरण्याच्या त्यांच्या क्षमतेत जवळपास शंभरपट फरक. कोणता वाहक बनवायचा हे ठरवायचे तर बाहेर साखर किती आहे, याचा अंदाज आधी हवा.

हा अंदाज घेणारी दोन प्रथिने कोणती, ते १९९६ मध्ये अमेरिकेत मार्क जॉन्स्टन यांच्या गटाने दाखवून दिले: एसएनएफ-३ आणि आरजीटी-२. पहिले थोड्या साखरेलाही जागे होते, दुसरे भरपूर साखर असेल तेव्हा. दोघेही त्याच वाहक घराण्यातले, पटलातून बारा वेळा आरपार गेलेले. पण साखर आत नेण्याचे काम ते करत नाहीत. न उघडणारे दार, पण त्याला आतून घंटेची दोरी बांधलेली, असा हा प्रकार. ही दोरी म्हणजे पेशीद्रवात लोंबणारे लांब शेपूट. एचएक्सटी-१ मध्ये ५७० अमिनो आम्ले, तर एसएनएफ-३ मध्ये ८८४. वाढीव लांबी मुख्यतः शेपटाची. पुढे हे शेपूट साध्या वाहकाला जोडून पाहिले, तर तोही संदेश देऊ लागला. आरजीटी-२ मधले २३१ व्या जागचे एकच अमिनो आम्ल बदलले, तर साखरेचा कण नसतानाही पेशीला ‘साखर आली’ असा निरोप जात राहतो.

निरोपाचा पुढचा प्रवास मला सर्वांत देखणा वाटतो. एरवी आरजीटी-१ हे प्रथिन वाहकांच्या जनुकांवर ठाण मांडून त्यांना गप्प ठेवते. एमटीएच-१ आणि एसटीडी-१ हे त्याचे मदतनीस. साखरेचा निरोप आला की पटलाजवळच्या केसिन कायनेज या एन्झाइमच्या मदतीने या मदतनिसांवर फॉस्फेटची खूण होते, मग त्यांना युबिक्विटिन हे छोटे प्रथिन चिकटते आणि पेशीतली प्रथिने मोडणारी यंत्रणा त्यांचा फडशा पाडते. आधार गेला की आरजीटी-१ ची पकड सुटते आणि जनुके कामाला लागतात. खर्चिक पद्धत खरी, पण पक्की: मदतनीस नव्याने बनेपर्यंत मागे फिरणे नाही.

साखर सरली की एसएनएफ-१ हे कायनेज पुढे येते. ते एमआयजी-१ या जनुके दाबून ठेवणाऱ्या प्रथिनाला केंद्रकाबाहेर घालवते आणि ग्लुकोजच्या सुकाळात दबलेली, दुसऱ्या शर्करा वापरण्याची जनुके मोकळी होतात. मात्र यांतल्याच गॅलॅक्टोज या शर्करेची खबर बाहेर नाही, आत लागते: गॅल-३ हे प्रथिन ती हेरते. पवईच्या आयआयटीत पी. जे. भट यांनी या गॅलॅक्टोज स्विचचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि त्यावर ग्रंथही लिहिला.

हे सारे मळीच्या टाकीपुरते राहत नाही. एसएनएफ-१ चा आपल्या शरीरातला भाऊबंद म्हणजे एएमपीके. पेशीतली ऊर्जा घटली की तो जागा होतो, आणि मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या औषधाच्या परिणामाचा एक धागा त्याच्यापर्यंत जातो. यीस्टची पेशी अनुकूल परिस्थितीत सुमारे दीड तासात दुप्पट होते. जनुक बदलून परिणाम पाहायला फार थांबावे लागत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मजीव संग्रहात यीस्टचे अनेक वाण जपलेले आहेत. मधुमेहावर संशोधन करू पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी उंदरांकडे वळण्याआधी काही काळ यीस्टसोबत जरूर काढावा.