मूत्रपिंडदाह आणि रक्ताचा दाब

ठाणे-बेलापूर रस्त्यावरून जाणाऱ्या मनुष्यास महापे येथें दोन काळांच्या खुणा शेजारीं शेजारीं दिसतात. एका बाजूस पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूस ठाण्याची खाडी आणि या दोहोंमध्यें आगरी वस्तीचें जुनें गांव. त्या गांवाभोंवतीं औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींतील कारखाने व अलीकडच्या काळांत उभ्या राहिलेल्या संगणक-कचेऱ्यांच्या कांचेच्या इमारती. या पट्ट्यांतील कारखान्यांत जेथें जेथें बॉयलर आहे, तेथें त्यावर दाबाचें घड्याळ बसविलेलें असतें. त्याचा कांटा लाल रेघेकडे सरकूं लागला कीं कामगार हातचें काम टाकून तिकडे धांवतो. परंतु त्याच कामगाराच्या दंडाला वार्षिक तपासणीच्या वेळीं पट्टा बांधला व आंकडा १५० च्या वर निघाला, तर ‘थोडें टेन्शन असेल’ असें म्हणून तो कागदाची घडी खिशांत घालतो. कचेरींत रात्रपाळी करणारा पदवीधरहि बहुधा तेंच करितो. यंत्राच्या बाबतींत जी दक्षता सहज अंगवळणीं पडली, ती देहाच्या बाबतींत अद्याप पडलेली नाहीं.

रक्तदाब वाढला असतां पक्षाघात होतो किंवा हृदयविकाराचा झटका येतो, हें आतां प्रत्येक सुशिक्षित घरांत ठाऊक आहे. परंतु या दाबाचा तिसरा बळी जें मूत्रपिंड, त्याचें नांव क्वचितच ऐकूं येतें. आणि ज्याच्या मूत्रपिंडास आधींच दाह झालेला आहे, त्याच्या पुढील आयुष्याचा बराचसा निकाल रक्ताचा दाबच ठरवीत असतो. दाह समूळ नाहींसा करणें नेहमींच वैद्याच्या हातीं नसतें. दाब उतरविणें मात्र बहुतेक वेळां असतें. म्हणून या दोहोंचा संबंध नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रत्येक मूत्रपिंडांत सुमारें दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. गाळणी म्हणजे केंसाहूनहि बारीक अशा रक्तवाहिन्यांचा एक झुबका. हृदयांतून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पांचवा हिस्सा या दोन लहानशा अवयवांकडे जातो, आणि त्यांतून दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यांपैकीं दीड-दोन लिटर तेवढा मूत्ररूपानें बाहेर पडतो. बाकीचा सर्व पुन्हां रक्तांत शोषला जातो. एवढें काम व्हावयाचें तर गाळणीच्या आंत बराच जोर लागतो. शरीरांतील इतर केशवाहिन्यांतून रक्त संथपणें वाहतें. येथें मात्र तें पाऱ्याच्या सुमारें ५० मिलिमीटर दाबानें भिंतीस रेटा देतें. हा रेटा प्रमाणांत राहावा म्हणून प्रत्येक झुबक्यास दोन दारें आहेत: एक रक्त आंत आणणारें, दुसरें बाहेर नेणारें. शरीराचा दाब चढला कीं निरोगी मूत्रपिंड पहिलें दार आकसून घेतें. त्यामुळें मनुष्य जिना धांवत चढला किंवा संतापला, तरी आंतील गाळणीस त्याची झळ पोंचत नाहीं.

मूत्रपिंडदाह हा आजार बहुधा जंतूंनीं मूत्रपिंडावर थेट हल्ला करून होत नाहीं. शरीराची संरक्षक व्यवस्थाच येथें वाट चुकते. मुलाचा घसा सुजून ताप आला, किंवा पावसाळ्यांत अंगावर खरूज व पुळ्या उठून चिघळल्या, म्हणजे त्या जंतूंशीं लढण्यासाठीं रक्तांत प्रतिद्रव्यें तयार होतात. त्यांचे पुंजके गाळण्यांत अडकून तेथें दाह उत्पन्न करितात. घशाच्या दुखण्यानंतर एक ते तीन आठवड्यांनीं, आणि त्वचेच्या दुखण्यानंतर त्याहूनहि उशिरां, मुलाचें तोंड सुजतें, लघवी कोऱ्या चहासारखी होते व रक्तदाब चढतो. मुलांतील असा आजार बहुधा कांहीं आठवड्यांत ओसरतो. दुसरा प्रकार याहून गुप्त आहे. पॅरिसचे डॉ. जां बर्जे यांनीं १९६८ सालीं वर्णिलेला ‘आयजीए’ प्रतिद्रव्याचा मूत्रपिंडदाह आशिया खंडांत विशेष आढळतो व तो ऐन तारुण्यांत सुरू होतो. सर्दी-घशाच्या दुखण्याबरोबर कधीं लघवी तांबूस होते. कधीं तर डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं, आणि वर्षेंच्या वर्षें प्रथिनें मात्र झिरपत राहतात. ‘ल्यूपस’ नांवाचा विकार विशेषतः तरुण स्त्रियांच्या मूत्रपिंडांत असाच दाह उत्पन्न करितो. या सर्वांत वेदना बहुधा नसतात, आणि हीच त्यांतील मोठी फसगत आहे.

दाह झालेल्या गाळण्या मीठ व पाणी पुरेसें बाहेर टाकूं शकत नाहींत. तें रक्तांत सांचतें व दाब वाढतो. शिवाय ज्या गाळण्यांचा रक्तपुरवठा अडतो, तेथून ‘रेनिन’ नांवाचें द्रव्य सुटतें. स्टॉकहोम येथें टिगरस्टेट व बर्गमन यांनीं सशाच्या मूत्रपिंडांतून तें १८९८ सालीं शोधून काढलें. त्याच्या योगानें रक्तांत ‘अँजिओटेन्सिन’ तयार होतें व तें सर्व अंगांतील रक्तवाहिन्या आवळतें. येथपर्यंत दाब हा आजाराचा परिणाम होय.

येथून पुढें मात्र परिणाम हाच कारण बनतो. कांहीं गाळण्या निकामी झाल्या कीं त्यांचें काम उरलेल्यांवर पडतें. अधिक रक्त घेण्यासाठीं उरलेल्यांचें पहिलें दार सताड उघडें राहतें. आकसण्याची त्याची संवय मोडते. त्याच वेळीं अँजिओटेन्सिन दुसरें दार विशेष घट्ट आवळतें. येणारा लोंढा मोठा आणि जाण्याची वाट अरुंद, अशा स्थितींत शरीराचा वाढलेला दाब सरळ गाळणीच्या नाजूक भिंतीवर आदळतो. भिंत विरविरीत होऊन प्रथिनें निसटतात. तीं पुढील नळ्यांत जाऊन तेथेंहि दाह पेटवितात. शेवटीं गाळणीच्या जागीं वणासारखा घट्ट तंतूंचा गोळा उरतो. मग तिचा भार पुढच्या गाळणीवर. बोस्टनचे डॉ. बॅरी ब्रेनर व त्यांचे सहकारी यांनीं १९८२ सालीं ही उपपत्ति मांडली, तेव्हां एक जुनें कोडें सुटलें: मूळचा दाह शमल्यावरहि कित्येकांचीं मूत्रपिंडें झिजतच कां जातात, याचा उलगडा झाला.

दाब व मूत्रपिंड यांचा हा संबंध वैद्यकास एकाएकीं उमगला नाहीं. लंडनच्या गाइज रुग्णालयांतील डॉ. रिचर्ड ब्राइट यांचा ग्रंथ १८२७ सालीं निघाला. अंगावर सूज असलेल्या रोग्यांची लघवी चमच्यांत घेऊन ज्योतीवर तापविली असतां ती अंड्याच्या पांढऱ्या भागाप्रमाणें गोठते, व अशा रोग्यांचीं मूत्रपिंडें मृत्यूनंतर रोगट आढळतात, हें त्यांनीं दाखविलें. १८३६ सालीं त्यांनीं अशा रोग्यांचें हृदयहि वाढलेलें असतें, अशी नोंद केली. दाब मोजण्याचें सोयीचें साधन तेव्हां नव्हतें. दंडास बांधावयाचा पट्टा इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनीं १८९६ सालीं आणला, व त्याखालीं नाडीचे आवाज ऐकण्याची रीत रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनीं १९०५ सालीं दिली. पण साधन आलें तरी समज मागेंच राहिली. अरुंद झालेल्या वाहिन्यांतून रक्त पुढें जावें म्हणून वाढलेला दाब आवश्यकच आहे, तो उतरविल्यास मूत्रपिंडाची उपासमार होईल, असें नामांकित वैद्यहि मानीत.

या समजुतीस लंडनचे क्लिफर्ड विल्सन व फ्रँक बायरम यांच्या प्रयोगानें मोठा धक्का दिला. त्यांनीं उंदरांच्या एकाच मूत्रपिंडाच्या धमनीस चिमटा लावून ती अरुंद केली. त्यायोगें उंदरांचा रक्तदाब वाढला. आतां चिमट्यामागील मूत्रपिंड बिघडेल व मोकळें सुरक्षित राहील, असें कोणासहि वाटावें. आढळलें तें उलट. ज्यावर दाबाचा पूर्ण मारा झाला तें मोकळें मूत्रपिंड नासलें, आणि चिमट्याच्या आडोशास असलेलें वांचलें. १९४१ सालच्या निबंधाच्या मथळ्यांतच त्यांनीं जुनाट मूत्रपिंडदाहांतील या फेऱ्यास ‘दुष्टचक्र’ असें म्हटलें.

दुष्टचक्र तोडावयाचें तर दाब उतरविणारें औषध हवें, आणि खात्रीचें असें औषध त्या काळीं जवळजवळ नव्हतेंच. येथें मुंबईचें नांव घ्यावयास हवें. सर्पगंधेच्या मुळीनें रक्तदाब उतरतो, असें कलकत्त्याच्या सेन व बोस या वैद्यांनीं १९३१ सालीं लिहिलें होतें. पण परदेशांत त्याची दखल फारशी कोणी घेतली नाहीं. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं तिचा पद्धतशीर अभ्यास केला व ५० रोग्यांवरील आपला अनुभव १९४९ सालीं ब्रिटनच्या हृदयविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध केला. मग जगाचें लक्ष या मुळीकडे वळलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें तिच्यांतील ‘रेसर्पिन’ हें द्रव्य वेगळें करण्यांत आलें. १९५७ सालीं डॉ. वकिलांस अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्यांचे रोगी साध्या रक्तदाबाचे होते, मूत्रपिंडदाहाचे नव्हते. आणि मन खिन्न करण्याच्या दोषामुळें रेसर्पिन आज क्वचितच देतात. तथापि गोळी घेऊन दाब उतरवितां येतो, हा विश्वास ज्या थोड्या औषधांनीं जगास दिला, त्यांत सर्पगंधेची गणना होते.

सर्पगंधेनंतर प्रत्यक्ष सर्पाचीच पाळी आली. ब्राझीलमधील ‘जराराका’ नांवाच्या विषारी सापाच्या विषांतील द्रव्यें अँजिओटेन्सिन बनूं देत नाहींत, असें आढळलें. त्या धाग्यावरून ‘कॅप्टोप्रिल’ हें औषध घडविलें गेलें व १९८१ सालीं अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली. आज ज्या औषधांच्या नांवाच्या शेवटीं ‘प्रिल’ येतें तीं याच कुळांतलीं. ‘सार्टन’ हा शेवट असलेलीं त्यांचीं जवळचीं भावंडें. त्यांचें वैशिष्ट्य असें कीं तीं सर्व शरीराचा दाब उतरवितात व त्याच वेळीं गाळणीचें दुसरें दार सैल करितात. १९९७ सालीं इटलींत प्रसिद्ध झालेल्या चांचणींत मधुमेह नसलेल्या मूत्रपिंडरोग्यांचे दोन गट केले होते व दोहोंतील रक्तदाब जवळजवळ सारखाच राखला होता. तरी ज्यांच्या लघवींतून दिवसास तीन ग्रॅम वा अधिक प्रथिन जात होतें, त्यांत ‘रामिप्रिल’ घेणाऱ्यांचीं मूत्रपिंडें पुष्कळ हळू झिजलीं. त्यापूर्वीं १९९४ सालच्या अमेरिकन अभ्यासांत असें दिसलें होतें कीं, दाब १४०-९० वर समाधान न मानतां १२५-७५ च्या आसपास आणल्यास, दिवसास एक ग्रॅमहून अधिक प्रथिन गमावणाऱ्यांची झीज मंदावते. २०२१ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनांत वरचा आंकडा, रोग्यास सोसत असल्यास, १२० च्या खालीं ठेवावा असें सुचविलें आहे.

या औषधांस पथ्य आहे. तीं सुरू केल्यावर दोन-चार आठवड्यांत रक्तांतील क्रिएटिनीन व पोटॅशियम तपासावें लागतें. क्रिएटिनीन आरंभीं थोडें वाढणें अपेक्षितच असतें. तेवढ्यानें घाबरून गोळी टाकूं नये. गर्भवतीनें, किंवा गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीनें, तीं घेऊं नयेत. जुलाब-वांत्या होऊन अंगांतील पाणी कमी झाल्यास डॉक्टरांस विचारून तीं कांहीं दिवस थांबवावीं लागतात. अंगदुखीसाठीं दुकानांतून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडदाहाच्या रोग्यानें आपल्या मनानें कधींहि घेऊं नयेत. आणि दाब उतरला म्हणजे दाह गेला, असेंहि नव्हे. कित्येकांस मूत्रपिंडाचा कण काढून तपासावा लागतो व दाहावर स्वतंत्र उपचार करावे लागतात.

मिठाचा विषय याच ठिकाणीं येतो. खाडीकांठच्या या भागाचा मिठाशीं संबंध जुना आहे. मिठागरें हा आगरी समाजाचा पिढीजात धंदा. सुकट, सुके बोंबील, पापड, लोणचें हीं ताटांतलीं नेहमींचीं. आणि आतां पाळीच्या नोकरींत मध्यरात्रीं फरसाण व वडापाव यांची भर पडली आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसास पांच ग्रॅमहून कमी, म्हणजे चमचाभरापेक्षां कमी, मीठ खावें असें सांगते. रोगट मूत्रपिंडास हें बंधन अधिकच लागू आहे, कारण मीठ सुटलें नाहीं तर वर सांगितलेलीं औषधेंहि अर्ध्या बळानेंच काम करितात.

तपासणीस फारसा खर्च नाहीं. पांच मिनिटें स्वस्थ बसून, हात हृदयाच्या पातळीवर टेकवून, आधीं अर्धा तास चहा-तंबाखू वर्ज्य करून दाब मोजावा. तो दोन-तीन दिवशीं पुन्हां पाहावा. त्याबरोबरच लघवींतील अल्ब्युमिन व रक्तांतील क्रिएटिनीन तपासावें. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत कामगारांची नियतकालिक तपासणी कायद्यानें आवश्यक आहे, आणि इतरत्रहि पुष्कळ ठिकाणीं ती होते. उणीव राहते ती तो कागद वाचण्याची. तिशींतील मनुष्याचा दाब वाढलेला आहे व लघवींत अल्ब्युमिन आहे, असें त्यावर लिहिलेलें असेल, तर त्याचा अर्थ ‘टेन्शन’ असा करूं नये. मूत्रपिंडाच्या वैद्याकडे जावें. सकाळीं पापण्या सुजणें, लघवीस फेंस राहणें किंवा तिचा रंग बदलणें, हीं लक्षणें दिसल्यास वार्षिक तपासणीची वाट पाहूं नये.

मूत्रपिंडें पूर्णपणें निकामी झाल्यावर आठवड्यांतून तीन वेळां, प्रत्येक वेळीं सुमारें चार तास, डायलिसिसच्या यंत्रास जोडून बसावें लागतें, किंवा दुसऱ्याचें मूत्रपिंड मिळवावें लागतें. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांमुळें डायलिसिसचा खर्च कांहींसा हलका झाला आहे. पण कर्त्या मनुष्याचे गेलेले दिवस व मोडलेली नोकरी कोणतीहि योजना परत देत नाहीं. दाब वेळींच ताब्यांत आणलेल्या कित्येक रोग्यांवर हा प्रसंग अनेक वर्षें लांबतो, आणि कांहींवर तो कधींच येत नाहीं. ज्या घरांत असा रोगी असेल त्या घरानें दाबाच्या आंकड्यांची एक वही ठेवावी, बरें वाटूं लागलें म्हणून गोळी बंद होऊं देऊं नये, आणि प्रत्येक भेटींत ती वही डॉक्टरांपुढें ठेवावी.