एकोणीस कसे लिहावे?

आषाढातील संततधारेत, उल्हास नदी गढूळ पाण्याने दुथडी भरून वाहत असताना, कर्जत तालुक्यातील एका खेड्यातील शाळेत पाचवीच्या वर्गात तासभर बसण्याचा योग मला आला. गणिताच्या पुस्तकातील पहिलेच प्रकरण रोमन संख्याचिन्हांचे. आणि गुरुजींनी एकोणीस लिहावयास सांगताच एका मुलीने फळ्यावर आय, एक्स, एक्स ही तीन अक्षरे निःशंकपणे मांडली. गुरुजींनी ती पुसली नाहीत, त्यांनी विचारले, "असं का लिहिलंस गं?" मुलगी म्हणाली, "विसाला एक कमी, म्हणून एक अलीकडं मांडला, गुरुजी." उत्तर चुकले होते, परंतु त्यामागील विचार मात्र शुद्ध होता.

रोमन पद्धतीचे सारे भांडवल सात अक्षरांचे आहे: आय म्हणजे एक, व्ही पाच, एक्स दहा, एल पन्नास, सी शंभर, डी पाचशे आणि एम हजार. मोठ्या अक्षराच्या उजवीकडे लहान अक्षर आले तर ते मिळवावयाचे, डावीकडे आले तर वजा करावयाचे. आय, एक्स, सी आणि एम ही अक्षरे लागोपाठ तीनदाच घेता येतात. व्ही, एल, डी यांची पुनरुक्ती होत नाही. वजाबाकीलाही मर्यादा आहे: आय हे केवळ व्ही व एक्सच्या आधी, एक्स हे एल व सीच्या आधी, आणि सी हे डी व एमच्या आधी बसते.

वाचनाच्या सरावासाठी शेजारच्या खालापूर तालुक्याच्या इतिहासातील दाखला घ्यावा. ज्या साली शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाच्या फौजेस उंबरखिंडीच्या गर्द रानात कोंडून शरण आणले, ते १६६१ साल रोमन अंकांत एम, डी, सी, एल, एक्स, आय असे लिहिले जाते. हजारापासून एकापर्यंत पायरीपायरीने उतरणारी ही सहा अक्षरे, प्रत्येक एकदाच. त्यांत शेवटच्या आयच्या आधी व्ही घातला की होते १६६६, महाराजांच्या आग्र्याहून सुटकेचे साल, आणि सातही अक्षरे एका ओळीत हजर होतात. उलट, ज्या साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली ते १८६३ लिहावयाचे तर एम, डी, तीन सी, एल, एक्स, तीन आय अशी दहा अक्षरे खर्ची पडतात. लिहिताना हजार, शतक, दशक आणि एकक यांची फोड करून प्रत्येकाचे चिन्ह क्रमाने मांडीत जावे, म्हणजे चूक होत नाही.

त्या मुलीची चूक नेमकी येथेच होती. आपले 'एकोणीस' हे संस्कृत 'एकोनविंशति'चे, म्हणजे एकाने उणे विसाचे, रूप आहे. एकोणतीस, एकोणचाळीस यांतही तीच वजाबाकी, आणि 'पावणेदोन' म्हणताना आपण पावाची वजाबाकी करतो. विशेष हे की, प्राचीन रोमन लोकही एकोणिसास आपल्या लॅटिन भाषेत 'उन्देविगिन्ती', म्हणजे विसास एक कमी, असेच म्हणत. लेखनाच्या रूढ नियमात मात्र दशक आणि एकक यांची फारकत होते: आधी दहाचा एक्स, मग नवाचे आय-एक्स.

हे अंक आपल्याला सर्वस्वी परके समजण्याचेही कारण नाही. कल्याण बंदरातून घाटमाथ्याकडे जाणाऱ्या प्राचीन मार्गावर, राजमाचीच्या पायथ्याशी, कर्जत तालुक्यातील कोंढाणे लेणी कोरली गेली. त्याच काळाच्या आगेमागे रोमन साम्राज्याचा माल आपल्या किनाऱ्यावर उतरत होता. उत्तरेकडील नाणेघाटातील सातवाहनांच्या लेखात जे ब्राह्मी अंक आहेत, त्यांतही शून्य नाही; दहा, शंभर, हजार यांना रोमन अंकांप्रमाणेच स्वतंत्र चिन्हे आहेत. पुढे भारतात शून्य आणि स्थानमूल्य यांचा उदय झाला, तेव्हा अवघ्या दहा चिन्हांत कितीही मोठी संख्या मांडणे सुकर झाले. हे स्थानमूल्य किती मोलाचे, ते रोमन अंकांत एखादा साधा गुणाकार करू गेल्यावाचून मुलांच्या ध्यानी येणार नाही.

घरी फडताळात एखादा जुना रुपया असेल तर तो मुलांच्या हाती द्यावा. जॉर्जच्या नावापुढे नुसता व्ही असेल तर तो पाचवा, व्हीपुढे आय असेल तर सहावा. राणीछाप रुपयावर मात्र असा अंक नाही, कारण व्हिक्टोरिया नावाची ती पहिलीच राणी. भिंतीवर रोमन अंकांचे घड्याळ असेल तर त्यात चाराच्या जागी बहुधा चार उभ्या रेघा असतात. घड्याळजींची ती जुनी रीत आहे, आणि पुस्तकातील नियमाशी तिचा मेळ का बसत नाही हे मुलांनी अवश्य विचारावे.

गुरुजींनी मग त्या मुलीसच विचारले, "एकोणीस रुपयांत दहाची नोट किती, आणि वर सुटे किती?" "एक नोट, नऊ सुटे," ती म्हणाली, आणि क्षणभर थांबून तिने आपल्याच हाताने पहिला आय पुसून तो दोन एक्सच्या मधे आणून ठेवला.