वळणाचा दिवा रुसला तर

पहाटेच्या अंधारात भाजीच्या जुड्या जुन्या जीपमध्ये भरायच्या आणि चंदनसारहून निघायचे. विरार स्टेशनकडे जा, नाहीतर कणेरमार्गे शिरसाड फाट्यावर अहमदाबाद महामार्गाला लागा. वळणे काही चुकत नाहीत. आणि नेमकी तेव्हाच स्टिअरिंगखालची इंडिकेटरची दांडी सैल पडते. मागच्या ट्रकवाल्याला आपल्या मनातले वळण कळावे कसे? दिवसा हात बाहेर काढून भागते. अंधारात, पावसात तो हात कोणाला दिसतो?

म्हणून "गाडी चालते आहे ना, बघू पुढे" असे म्हणू नये. हे काम थोड्या धीराने घरीही होते.

आधी दोष ओळखा

एकाच बाजूचा दिवा लागत नसेल तर प्रथम बल्ब आणि त्याचे अर्थिंग पाहावे. आपल्या खाऱ्या, दमट हवेत होल्डर लवकर गंजतो. दोन्ही बाजू बंद असतील तर फ्यूज आणि फ्लॅशर तपासावा. पण दांडी हाताने दाबून धरली की दिवा लुकलुकतो आणि सोडली की विझतो, असे असेल तर स्विचच झिजला असे समजावे.

आता काम

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढावी. स्टिअरिंगखालच्या आवरणाचे स्क्रू काढून एका वाटीत ठेवावेत. जुन्या साध्या गाडीत स्विचला मुख्य वायरी तीन: एक फ्लॅशरकडून येणारी, एक डाव्या दिव्यांची, एक उजव्या दिव्यांची. सोडवण्यापूर्वी प्रत्येकीला चिठ्ठी बांधावी.

मग बॅटरी जोडून किल्ली फिरवावी आणि फ्लॅशरची वायर डाव्या वायरीला टेकवावी. डावे दिवे लुकलुकले, तसेच उजवेही लुकलुकले, तर बाकी सर्व ठीक, दोष स्विचचाच. उघडी वायर गाडीच्या पत्र्याला लागू देऊ नये. हे झाले की बॅटरी पुन्हा सोडवावी.

दुकानात जुना स्विच सोबत न्यावा. नवा घेताना व्होल्टेज, वायरींची संख्या आणि बसवण्याची जागा जुळते ना, ते पाहावे. रंगांवर विसंबू नये. कोणती वायर काय काम करते ते पाहून जोडावी. स्टिअरिंगचे चाक काढावे लागत असेल तर हातोडी मारू नये, मिस्त्रीकडे जावे. एअरबॅग असलेल्या नव्या गाडीला तर घरी हात लावूच नये.

बसवून झाल्यावर चाक डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण फिरवून पाहावे. वायर कुठे अडकता किंवा घासता कामा नये. मग घरातल्या कोणाला तरी मागे उभे करून घड्याळ लावून मोजायला सांगावे. मिनिटाला ६० ते १२० वेळा दिवा लुकलुकला म्हणजे ठीक.

कायद्याचेही ध्यानात ठेवा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०२ वा नियम वळण दाखवणाऱ्या दिव्यांबाबत आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. त्या वेळी गाडी तपासली जाते, तेव्हा हेही दिवे पाहिले जातात.

पण तपासणीसाठी नव्हे, पहाटे निघालेला माणूस सुखरूप घरी यावा म्हणून ही दांडी दुरुस्त हवी. निघताना चाकातली हवा पाहतो, तसे दोन्ही बाजूंचे दिवेही एकदा लावून पाहावेत.